गुरुदासाच्या माटवीतली विमानं

आमच्या कट्टा गावच्या बाजारात उतरून कुणालाही विचारा, "विमानवाल्याची गणपतीची शाळा खंय?" शेंबडं पोरसुद्धा हात धरून आणून सोडेल. हा विमानवाला म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवणारा आमचा गुरुदास. माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, म्हणून त्याला नावं ठेवायचा पहिला मान माझा. सत्तरी उलटली, तरी बनियनला रंग पुसायची खोड काही गेली नाही. त्याची बायको शेवंती म्हणते, "ह्यांची बनियन धुवची नाय, फ्रेम करून लावची."

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडाची चौकट, तिला नारळ, काकडीसारखी तवशी, रानातली कवंडळं, आंब्याच्या पानांचे टाळे. गुरुदासाच्या माटवीत ह्या सगळ्यांच्या मधोमध एक विमान लटकतं. साधंसुधं नाही. पाण्यावर उतरणारं, जुन्या काळातलं, चाकांच्या जागी दोन होड्या. मी म्हणते, पायात होड्या घातलेलं विमान.

ह्याचं मूळ भिकाजी. गुरुदासाचा शाळासोबती, बोटीवर खलाशी. शहाऐंशी साली सुट्टीवर आला तो परदेशातून एक पेटी घेऊन. वर विमानाचं काय झक्क चित्र! आम्ही सगळे ओटीवर गोळा झालो. पेटी उघडली, तर आत पांढऱ्या प्लास्टिकचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यावर टेंगळं.

"मेल्या, ह्यां काय?" गुरुदास म्हणाला. "मिठायच्या खोक्यातलो ट्रे हाडलंस?"

"दुकानातली सगळ्यात स्वस्त पेटी होती रे," भिकाजी कानकोंडा झाला. "माका वाटलां, आत इमान असतला."

मी तर हसून हसून खांबाला टेकले. पण गुरुदासाने एक पत्रा उजेडाकडे धरला, टेंगळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "फसलंस नाय तू. हो साच्यातलो आसा. अर्धो हय, अर्धो थय. आमच्या गणपतीसारखोच."

खरंच होतं ते. गरम केलेला पत्रा साच्यावर पसरून खालची हवा ओढून घेतात, की तो साच्याला चिकटून बसतो. विमानाचे दोन अर्धे असे पत्र्यावर उठलेले. ते ब्लेडने कापायचे, पॉलिश पेपरवर घासायचे, घासता घासता कड भाकरीच्या पापुद्र्याएवढी होते. मग जोडायचे. एक घासा जास्त पडला, की विमान रोडावलं! बाकी कुणी ती पेटी रागाने माळ्यावर टाकली असती. गुरुदासाचं मात्र बालपणच साचे जोडण्यात गेलेलं.

त्या चतुर्थीला विमान माटवीत चढलं. आमचे काका, म्हणजे त्याचे वडील, ओरडले, "देवाच्या डोक्यार इमान? उद्या आगबोट टांगशील!" पण रात्री भजनाला आलेल्या बुवांची नजर वर गेली आणि ते अभंगाचं पुढचं कडवंच विसरले, तेव्हा काकाच सगळ्यांना सांगत सुटले, "माझ्या झिलान केल्यान हां!"

मग भिकाजी दर सुट्टीला पेटी आणू लागला. फक्त होडीवाल्या विमानाची. म्हणायचा, "आपल्या गावात इमान उतरात तर पाण्यारच." तेव्हा आमच्या जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ कुणाच्या स्वप्नातही नव्हता. उघड्या विमानात बसायला गुरुदास मातीचा एवढासा पायलट करायचा आणि सवयीने त्याचे डोळे गणपतीसारखे लांब, काजळ घातलेले आखायचा. मी म्हटलं, "गुरु, हो लंडनचो पायलट की हरतालिकेक बसलेली नवरी?" आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

सतरा पेट्या झाल्या. भिकाजीची नोकरी सुटली तशा पेट्याही सुटल्या. अठरावी, शेवटची, गुरुदासाने अकरा वर्षं कपाटात ठेवली. "ती केलंय की संपला," म्हणायचा. माटवीत जुनीच विमानं आळीपाळीने लटकायची. गेल्या साली भिकाजी डोंबिवलीत वारला, आणि गुरुदासाचा उजवा हात थरथरायला लागला. यंदा गणपतींचे डोळे आखायला कुंचला सुनेच्या, तेजस्वीच्या हातात गेला. गुरुदास खिडकीशी, तिच्याकडे पाठ करून बसला होता.

आणि मग श्रावणात त्याने ती पेटी काढली. मला म्हणाला, "बाये, आता नाय केलंय तर कधीच नाय." धड जुळलं, पंख बसले, होड्या बसल्या. राहिलं पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण. ते पेटीत एकच असतं. कापताना हात हलला आणि मधोमध तडा गेला.

त्याने सगळं परत पेटीत भरलं. शेवंती म्हणाली, "जेवा तरी." तो जेवला नाही.

दोन दिवसांनी तेजस्वी त्याच्यासमोर पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा ठेवून म्हणाली, "मामंजी, झाकणाचो साचो करून दिया."

"हात खंय आसा माझो?"

"चुकला तर पॉलिश पेपर आसा. साचो कापूचो नसता, घासूचो असता."

गुरुदासाने तीन दिवस तो तुकडा घासला. मग त्यावर पाण्याच्या बाटलीचा पारदर्शक तुकडा चढवून निखाऱ्यांवर फिरवला, आवळून घट्ट बसावा म्हणून. पहिली बाटली वितळून बोरासारखी गोळा झाली. दुसरी काळी पडली. तिसरी माझ्या कोकम सोड्याची होती; अर्धा सोडा मला उभ्याउभ्या प्यावा लागला, त्याचे ढेकर अजून येतात. ती मात्र सुरसुर करत लाकडाला बिलगली. कापून, पुसून धरलं तर आरपार, लख्ख!

झाकणावरच्या बारीक पट्ट्या तेजस्वीने आखल्या. एकच, मागची, त्याने आखली. ती वाकडी आली.

"पुसू काय?" तिने विचारलं.

"रवांदे. भिकाजीचां इमान आसा, सरळ कसां जायत?"

चतुर्थीला ते माटवीत चढलं. आरतीला सगळ्यांची तोंडं वरच. मी हळूच म्हटलं, "गुरु, संपल्यो मां तुझ्यो पेट्यो?"

तो ऐकत नव्हता. बोटांनी हवेत काहीतरी मोजत होता, वीतभर, मग दीड वीत. आरतीच्या घंटेतच माझ्या कानाशी वाकला.

"बाये, दोन लिटरची बाटली खंय मेळात गो? इमानाचां आख्खां धड काढूचां आसा. साचो मीच घासतंय."