तहकुबीचा अर्धा तास

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरते. गाड्या हलवायला सांगणं आणि चाळीस खुर्च्या मांडणं सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे असतं. या रविवारीही दहा वाजले तेव्हा त्या खुर्च्यांवर आम्ही दोघंच होतो, मी आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या जोशीकाकू. कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग जमतील तेवढ्या माणसांत उरकायची, असा नियम आहे. तो सगळ्यांना पाठ आहे, म्हणून साडेदहाच्या आत कुणी खाली उतरत नाही.

वरच्या मजल्यांवरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. गॅलरीतून एकजण डोकावला, रिकाम्या खुर्च्या बघून आत गेला. एवढी माणसं एका जिन्याने चढतात-उतरतात, एकाच टाकीचं पाणी पितात, पण एकत्र बसायचं म्हटलं की कधी पुरी पडत नाहीत.

"काकू, तुम्हीही साडेदहालाच येत जा की," मी म्हणालो. "दरवर्षी उगाच ताटकळत बसता."

"सभेतलं मला काही कळत नाही रे," त्या म्हणाल्या. "तू हा अर्धा तास इथे असतोस ना, म्हणून मी येते."

मी खुर्ची थोडी त्यांच्याजवळ ओढली. वर पुन्हा एक शिट्टी झाली. आम्ही दोघांनीही वर पाहिलं नाही. ती आमच्यापैकी कुणाच्या घरची असणार नव्हती.