तिच्या बोटांत बळ आलं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. अंगणवाडी सेविकांच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं, की लहान पोरांना माती मळू द्या, गोळे करू द्या, त्यानं बोटांत बळ येतं, पुढे पेन्सिल नीट धरता येते. मी शेजारच्या सेविकेला म्हटलं, "घ्या! आता चिखलबी आपणच शिकवायचा. आपली पोट्टी तं धानाच्या बांदीतच लोळतात."

पण एका पोरीनं मला गप्प केलं. चार वर्षांची. बोटं अशी लुळी, की फ्रॉकची गुंडी लागेना, खिचडीचा घास तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा खाली. आईच्या डोळ्यांत पाणी. "बाई, पोट्टी अशीच राहीन का वो? शाळेत कशी लिहीन?" मी ऐटीत सांगून टाकलं, "रोज पाठवत राहा. तिचं नाव तिच्याच हातानं लिहवून घेईन."

बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठची चिकट माती मी स्वतः आणायची, खडे वेचून मळून ठेवायची. तिला आधी नुसता गोळा दाबायला लावला. मग चिमटे काढायला, मग तळहातावर लांब साप वळायला. साप सारखा तुटायचा, ती रडायची, आणि एकदा मी तिच्यावर खेकसलेसुद्धा. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण पोरगी चिवट. दिवाळीच्या आसपास तिचे साप शेवयांसारखे बारीक निघायला लागले, आणि एके सकाळी तिनं आपली गुंडी आपणच लावली. माय वो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! मदतनीसबाईला मी दिवसभर तेच ऐकवत होते.

मग ती यायचीच बंद झाली. ताप असेल म्हणून चार दिवस वाट पाहिली. आठवडा झाला तशी चिडून तिच्या घरी गेले आणि अंगणातूनच ओरडले, "काहून पाठवून नाही राहिली वो पोरीले?"

ओसरीत आई बिड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. शेजारी पोरगी. आई वळलेली बिडी तिच्याकडे द्यायची आणि ती नखानं पानाची टोकं आत दुमडून बिडीचं तोंड बंद करायची. भराभर, पान न फाटू देता. फ्रॉकवर तंबाखूचा भुगा पडला होता. मध्येच शिंकत होती.

"या बाई, बसा," आई हरखून म्हणाली. "तुमचे लई उपकार झाले. माह्यापेक्षा साफ काम करते पोट्टी. दोघी बसलो का दुपारीच आटोपते."

"अन् अंगणवाडी? शाळा?"

"जाईन नं. अजून लहान हाय."

राग तर असा उसळला! पण काढायचा कुणावर? ती बाई स्वतः लहानपणापासून हेच करत आली होती. लुळी म्हणून जिच्यासाठी रडली, ती पोर कामाची निघाली, याचा तिला आनंद. आणि ती बोटं तयार केली होती मी.

पोरीनं एक बिडी चिमटीत धरून माझ्यापुढे केली. "पाहा नं बाई."

टोकं अगदी एकसारखी दुमडलेली. सवयच ती, माझ्या तोंडून निघून गेलं, "शाबास!"

ती खुदकन हसली आणि लगेच दुसरी उचलली.