दोन बोटं पेट्रोल

लोकांच्या घरी फोटोंचा आल्बम असतो. आमच्याकडं गाडी कुठं कुठं बंद पडली त्याचे किस्से हायेत. एक सांगाया घेतला की मागनं चार येत्यात. त्यातल्या निम्म्यांना जबाबदार मी हाय, ह्ये लय दिवस फक्त भावड्याला म्हाईत व्हतं.

भावड्या माझा दोस्त. त्यानंच पैज लावली, "आप्पांच्या काठीला करवत लावून दाखव. दोन वडापाव माझ्याकडनं." मी म्हणालो, लावतो. येड्यावानी.

आता काठी म्हंजी काय? तर आप्पा म्हंजी माझे वडील, आन् त्यांची गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी. पेट्रोलचा काटा कवाच मेलेला. मिस्त्रीनं तो काढून टाकीला वरनं लाकडी बूच बसवलं. डिकी उघडायची, बूच काढायचं, काठी तळाला टेकवायची आन् कुठवर भिजली ते बघायचं. काठीवर आप्पांनी चाकूनं खाचा पाडलेल्या. खालनं पयली निमोणं, मग न्हावरा, मग चौफुला, सगळ्यात वर दौंड. शिरूरवरनं ज्या गावाला जायचं, त्या गावाच्या खाचेपत्तूर पेट्रोल. थेंब जास्त न्हाई. येतानाचं तिकडं भरायचं. "टाकीत नुसतं पडून राह्यलं की उडून जातं," हे आप्पांचं सायन्स.

मी काठीचं खालचं टोक दोन बोटं कापलं. काठी आखूड झाली, म्हंजी ओल वरच्या खाचेला लागणार. टाकीत दोन बोटं पेट्रोल कमी, पर काठी म्हणणार, "हाय की!"

तुकडा कंपासपेटीत ठेवला आन् वडापाव खाल्लं.

•

पयल्यांदा गाडी न्हावऱ्याच्या अलीकडं उसाच्या रानापाशी थांबली. चालवत व्हता शिवामामा, आईचा धाकटा भाऊ. त्याला कारेगावच्या एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागायचं व्हतं. तिथले साहेब आप्पांच्या वळखीचे. आप्पांनी शब्द टाकला तर नोकरी, न्हाईतर परत निमोण्याला म्हशींमागं. म्हणून महिनाभर आमच्याकडं राहून तो हात साफ करत व्हता.

आप्पांनी काठी घातली. कोरडी. लय वेळ इचार केला, आन् मग आईकडं वळले.

"तुझा लाडवाचा डबा."

वजन जास्त झालं म्हणं. पुढच्या फेरीला डबा घरी, वर स्टेपनीबी घरी. गाडी निमोण्याच्या अलीकडं थांबली. खाली उतरून बघतो तर मागचं चाक पंक्चर. आप्पा म्हणाले, "बरं झालं. एकाच थांब्यात दोन्ही कामं."

•

मग आप्पांना शोध लागला की मामाचा पाय जड हाय. बुटामुळं तो जास्त दाबतो. चौफुल्याला जाताना मामाला अनवाणी चालवाया लावलं, आन् उगं वजन नको म्हणून बूटबी घरी ठिवलं.

चौफुला तीन किलोमीटर राह्यला आन् गाडी थांबली. कॅन घेऊन पंपावर मामा गेला. मे महिना, डांबरी रस्ता. तो चालत न्हवता, नाचत व्हता. आप्पा सावलीत बसून म्हणाले, "बघ, बूट न्हाई तर कसा हलका चालतोय."

•

दौंडला लग्न व्हतं. गाडी मंडपाच्या दोन गल्ल्या आधी बंद पडली. आम्ही समदे फेटे बांधून ढकलाया लागलो. बँडवाल्याला वाटलं नवरदेवच आला. त्यानं वाजवाया सुरुवात केली. आप्पा हातानं न्हाई न्हाई करत व्हते, त्याला वाटलं नाचत्यात. त्यानं अजून जोरात वाजवलं. पोरीकडच्या बाया ओवाळाया आल्या. आत स्टेअरिंगवर फक्त मामा. त्यालाच ओवाळलं.

तवापास्नं आप्पांचा मामावर राग.

•

मग आप्पा म्हणाले, पेट्रोल चोरीला जातंय. टाकीच्या बुचाला धागा बांधला. धागा तुटला न्हाई, तर म्हणाले चोर हुशार हाय.

कंपनीत मामाची गाडी चालवायची टेस्ट व्हती त्या सोमवारी सकाळी आप्पांनी आम्हाला वट्यावर रांगेनं उभं केलं आन् एकेकाच्या हाताचा वास घेतला. आईचा लसणाचा. माझा चिंचेचा. मामाचा पेट्रोलचा.

मामा म्हणाला, टेस्टच्या पँटला ग्रीस लागलं व्हतं, मिस्त्रीकडनं चिंधी भिजवून आणून पुसलं. आप्पांनी ऐकलंच न्हाई. "साहेबाला चिठ्ठी लिहणार व्हतो. आता लिहतो, पर दुसरीच. ह्या माणसाला गाडीवर ठिवू नका म्हणून."

मामा तसाच वळला. आत गेला आन् पिशवी भराया लागला. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली. मला दोन्ही वडापाव एकदम आठवलं.

"आप्पा, मामानं न्हाई. मी कापली."

"काय कापली?"

"काठी."

कंपासपेटी उघडून तुकडा त्यांच्या म्होरं ठिवला. आप्पांनी तो काठीच्या खालच्या टोकाला लावून बघितला. बराबर बसला. मी गाल तयार ठिवला व्हता, पर आप्पा आतल्या खोलीकडं वळले.

"शिवाजी, पिशवी ठिव. चूक झाली माझी."

चांगली चिठ्ठी लिहली, मामाच्या खिशात घातली. मग मला म्हणाले, "सुतळी आण."

मी आणली. आप्पांनी तुकडा काठीला करकचून बांधला. वरच्या टोकाला.

मामानं माझ्याकडं बघितलं. मी मामाकडं. शेवटी मामाच बोलला, "दाजी, तुकडा खालचा हाय."

"म्हाईत हाय मला. खाली बांधला तर सुतळी पेट्रोलमदी भिजून सुटंल. डोकं वापरावं माणसानं." डिकी उघडली, काठी घातली, वर काढली आन् खूश झाले. "कारेगावपत्तूर आरामात. बस, सोडतो तुला."

मामानं बूट घातलं, लेस आवळली, चिठ्ठी खिशात चाचपली.

"दाजी, तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. "मी यष्टीनं येतो."