गोठ्याचा वास

"आवं, जरा मागं बसा की. पुण्याचं पाव्हणं आल्यात. गोठ्याचा वास येतोय."

नाताळच्या सकाळी, भर उपासनेत, पंचीणबाई मला असं म्हणाल्या. त्यांचे मालक आमच्या चर्चचे पंच, म्हणजे कारभारी. फलटणला ऊस, फौजेतली पेन्शन आणि चर्चमध्ये पहिला बाक. मी दुसऱ्याच्या गोठ्यावर धारा काढते. गाईंना नाताळ कळत नाही. पहाटे बारा गाई पिळून, अंग घासून घासून आले होते. तरी केसांत शेणाचा वास राहतोच. पाय दुखत होते म्हणून दाराजवळचा बाक सोडून यंदा पुढे टेकले, एवढंच.

मी उठले. वाद घालायचं त्राण नव्हतं. खरं सांगायचं तर वीस वर्षं मी लग्नात, सभेत, कुठंही अशीच उठत आले. कधी कधी तर कुणी सांगायच्या आधीच. त्याची मला आजही लाज वाटते.

समोर देखावा होता. गोठा, गव्हाण, गव्हाणीत बाळ येशू. त्यातला कडबा आदल्या दिवशी मीच डोक्यावरून आणून दिला होता. बाईंनी त्या कडब्यावर सेंट मारला होता. गरज सरो, वैद्य मरो.

पाळकसाहेब सांगत होते, बातमी कळली आणि मेंढपाळ रानातून तसेच उठून बाळाच्या पाया पडायला गेले; पूर्वेकडची शहाणी माणसं सोनं घेऊन मागाहून आली. माझा बाप वडूजकडच्या माळावर लोकांची मेंढरं राखायचा. मला ते 'तसेच' लागलं. तसेच म्हणजे कसे? अंगाला मेंढरांचा वास घेऊनच की. त्यांना कुणी मागे बसवलं नाही.

मग गव्हाणीपुढे गुडघे टेकायला बाकाबाकाने बोलावलं. आमच्याकडे तशी रीत आहे. पहिला बाक आधी, दाराजवळचे शेवटी. आमची पाळी येईपर्यंत पुढचे लोक बाहेर केक खात असतात. मी थांबून थांबून थकले होते. उठले आणि मधल्या वाटेने सरळ पुढे गेले.

"तुमची पाळी न्हाई आली आजून," बाई म्हणाल्या.

"मेंढरामागची माणसं आदी आलती, बाई. शानी माणसं मागनं आली."

गुडघे टेकले. कपाळ फरशीला लावलं. प्रार्थना काही सुचेना, नुसतं रडू आलं. पाहुणे माझ्याकडे बघत होते. पाळकसाहेब पुस्तकात बघत होते.

बाहेर पंचांनी गाठलं. "फुडच्या साली तुमच्या वस्तीवरच येगळी भक्ती ठिवू. तुमालाबी बरं."

"बाळबी येगळं आननार का?"

ते पाहुण्यांकडे वळले. कुणाचं मनबिन पालटलं नाही. पुढच्या रविवारी मला कुणी सलामसुद्धा केला नाही. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. शेजारचे चौघे उठून मागे गेले.

जाऊ देत. ज्याला वास येईल त्यानं उठावं. मी उठणार नाही.