साहेब नाली बघायला आले त्या दिवशी

आमच्या गल्लीच्या समितीची मी सचिव आहे. त्याचं कारण एवढंच की विहाराची किल्ली आमच्या घरी असते. पहिल्या बैठकीला दार उघडायला मी गेले, सतरंज्या झटकून अंथरल्या, पंखा लावला आणि बसायला वळले, तोवर माझी निवड होऊन गेली होती. मी म्हटलं, मला विचारलं का कोणी? तर सगळे म्हणाले, तुम्ही इथं होतातच की.

आमचं गाव तालुक्याचं, भंडारा जिल्ह्यातलं. गल्लीत अर्धी घरं आमची, म्हणजे आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेल्यांची. बाकीची खेड्यांवरून नोकरीसाठी नाहीतर मुलांच्या शाळेसाठी इकडे येऊन राहिलेल्या शेतकऱ्यांची. कोणी आसगावचे, कोणी एकोडीचे. धान निघालं की अजूनही त्यांच्या ओसरीत पोत्यांची थप्पी लागते. गल्लीत सगळ्यांना एका वेळी बसवील असं छप्पर एकच, विहाराच्या सभागृहाचं. त्याच्या बांधकामात विटा वाहायला सगळीच घरं आली होती, त्यामुळे तिथं बसताना कोणाला परकं वाटत नाही.

अध्यक्ष आमचे कंडक्टर काका. एसटीत जन्म काढून निवृत्त झालेले. बैठक ते गाडीसारखी चालवतात. माणसं सवयीनं दारातच बसतात, मग काका म्हणतात, "पुढे सरका, पुढे सरका, मागच्याले चढू द्या." दोघं एकदम बोलायला लागले की म्हणतात, "एकएक करून." आणि विषय संपला की बोटाच्या पेराने दारावर दोनदा टकटक करतात. त्यानंतर कोणी कितीही महत्त्वाचं बोललं तरी ते उठून चालू लागतात.

त्या वर्षी आमच्याकडे एकच विषय होता, नाली. नगरपालिकेने बांधून दिलेली सिमेंटची नाली गल्लीभर जाते आणि विहाराच्या कोपऱ्यावर मोठ्या नालीला मिळते. मिळते म्हणजे मिळायला हवी. मोठी नाली वर आणि आमची खाली. संध्याकाळी नळ आले की घरोघरी धुणीभांडी निघतात, पाणी कोपऱ्यापर्यंत जातं, तिथं अडतं आणि मोठ्या नालीतलं आणखी घेऊन परत आमच्या दारात येतं. विहारासमोरचा रस्ता रोज संध्याकाळी बुडायचा. आम्ही अर्ज दिले, भेटी घेतल्या. दरवेळी उत्तर एकच, येऊन पाहतो. आणि मग एका रविवारी काकांनी जाहीर केलं की नवे इंजिनीअर साहेब खरंच येणार आहेत, येत्या बुधवारी दुपारी.

"आता एक गोष्ट नीट आयका," काका म्हणाले. "कोनीच नालीले हात लावाचा नाही. जशी आहे तशी राहू द्या. गाळ, वास, मच्छर, सारं साहेबाले दिसलं पाह्यजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव एकमताने झाला. आमच्याकडे एकमताने झालेला तो पहिलाच ठराव असावा.

बुधवारी सकाळी मला जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. बाहेर येऊन बघते तर समोरची एकोडीवाली वहिनी पदर खोचून नालीत उतरलेली. ही वहिनी माहेरची एकोडीची, म्हणून गल्लीभर एकोडीवालीच. बोलायला रोखठोक, आणि अंगण सारवल्याशिवाय चहा न घेणारी.

मी म्हटलं, "वहिनी, काय ठरलं होतं आपलं?"

"मले मालूम आहे जी," ती वर न बघता म्हणाली. "मी माझ्या घरापुढचीच करून राहिली. बाकीची राहू द्या. पाहुणा दारात येऊन राहिला आन् त्याले घान दाखवाची काय? साहेब म्हनन, बाई कशी राहते."

शेजारणीने हे ऐकलं. एकोडीवालीच्या दारापुढे लख्ख आणि आपल्या दारापुढे गाळ, हे तिच्याने बघवेना. तिने फावडं आणलं. मग तिच्या शेजारणीने. ऊन वर यायच्या आत खराटे या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजायला लागले. मीही केली. सचिव असले तरी नाली माझ्याही दारापुढूनच जाते. कोणीतरी पांढरी पावडर टाकली. आणि शेवटी नालीच्या काठाने, एका रेषेत, रांगोळ्या निघाल्या. कमळं, मोर, आणि विहारापुढे एक मोठं चक्र.

कंडक्टर काका आंघोळ करून बाहेर आले. गल्लीच्या या टोकाला उभे राहिले आणि त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता साहेबाले काय दाखवू? मोर?"

साहेब आले मोटरसायकलवर. पोरगेलेसे, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, पायात नवे कोरे बूट. बोलणं तिकडचं, पुण्याकडचं. नमस्कार वगैरे झाले. ते गल्लीतून एकदा गेले, एकदा आले. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

"छान ठेवलीये हो गल्ली," ते म्हणाले. "तक्रार नेमकी कशाची आहे?"

काका म्हणाले, "नालीची. गाळानं भरून राहते साहेब."

साहेबांनी नालीत वाकून पाहिलं. तळाचं सिमेंट दिसत होतं.

"आजच साफ केली जी," मागून कोणीतरी बोललं.

"कोणी केली?"

"आमीच."

"अहो, मग रोज करत जा ना," साहेब म्हणाले, आणि ते इतक्या साधेपणाने म्हणाले की कोणाला रागही आला नाही. काकांनी उताराचं सांगून पाहिलं, हात वरखाली करून दाखवले. साहेब म्हणाले, "पण पाणीच नाही तर उतार कळणार कसा? मला तर बरोबर दिसतोय." त्यांनी मोबाइल काढून मोरांचे फोटो घेतले. म्हणाले, "स्वच्छ गल्ली म्हणून तुमचं नाव पुढे पाठवतो." आणि मोटरसायकलची किल्ली काढली.

मला एकदम सुचलं ते एवढंच की नळ यायला अजून वेळ आहे. मी म्हटलं, "साहेब, चहा तरी घ्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. साहेबांचा हात धरून ते विहाराकडे चालू लागले. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "नळ येतपर्यंत सोडाचं नाही."

साहेबांनी पायरीशी बूट काढले आणि आत सतरंजीवर बसले. चहा झाला. चहानंतर आसगाववाल्यांकडून पोहे आले, वर हरभऱ्याची तिखट तर्री घातलेली. पोहे होईतो एकोडीवालीच्या कढईत आलूबोंडे पडले होते. साहेब नको नको म्हणत होते आणि खात होते. घड्याळाकडे त्यांची नजर गेली की काका गोष्ट पुढे ओढत. गोष्ट आंबागडच्या बाजूला रानात बंद पडलेल्या गाडीची होती. ती मी आधी ऐकलेली, पाच मिनिटांची आहे. पण त्या दिवशी साहेबांनी मनगट वळवलं की गाडीत एक नवा प्रवासी चढत होता. एक बाई चढली, तिच्याजवळ कोंबड्या होत्या. एक नवरदेव चढला. मग त्याचा मामा.

मधेच एकोडीवालीने विचारलं, "साहेब, घरचे कुठं राहतात तुमचे?"

"आईवडील गावाकडे. मी इथं एकटाच आहे," ते म्हणाले. मग हातातल्या बोंड्याकडे बघून बोलले, "इथं येऊन सहा महिने होतील. कोणाच्या घरचं पहिल्यांदा खातोय."

हे ऐकून मला कसंतरीच झालं. आम्ही त्यांना पकडून ठेवलं होतं आणि ते आम्हाला मायेची माणसं समजत होते. एकोडीवालीने त्यांच्या ताटात आणखी दोन बोंडे टाकले. आता ते कशासाठी होते, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात गल्लीत कोणीतरी म्हणालं, "नळ आले," आणि बाया सभागृहातून एकामागून एक उठल्या. काकांनी गोष्टीतल्या नवरदेवाला पुन्हा गाडीतून खाली उतरवलं.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत जे धुतलं गेलं ते एरवी वर्षभरात धुतलं जात नाही. गोधड्या निघाल्या. सतरंज्या निघाल्या. पलीकडच्या घरची म्हैस आंघोळ करून स्वच्छ झाली. आमच्या ह्यांनी स्कूटरला लग्नापासून कधी फडकं मारलं नव्हतं, ते बादली घेऊन तिच्या मागे लागलेले मी स्वतः पाहिले. पाणी नालीत उतरलं, काठाच्या रांगोळ्या घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलं, थोडं थांबलं, आणि रोजच्यासारखं वळलं.

मी दारातच उभी होते. काळं पाणी रस्त्यावर आलं, विहाराच्या पायरीला लागलं. एकोडीवाली हात पुसत आली आणि आत डोकावून शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचे जोडे चालले जी."

साहेब धावत बाहेर आले. एक बूट पायरीशी अडकला होता. दुसरा तरंगत निघाला होता, मोठ्या नालीकडून आमच्या गल्लीत, आत आत, आमच्या घराच्या दिशेने. साहेब तो पकडायला खाली उतरले, पाणी घोट्यापर्यंत आलं, आणि मधेच ते थांबले. बूट उचलला नाही. नुसते बघत राहिले.

"हा उलटा का चाललाय?" ते म्हणाले.

काकांनी घसा साफ केला. "तेच तर आमी दुपारपासून सांगून राहिलो, साहेब."

मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. कोपऱ्यावर जाऊन कागदाचा एक रिकामा कप पाण्यात सोडला आणि त्याच्यासोबत अनवाणी चालत आले. पुन्हा सोडला. पुन्हा चालत आले. कोणाकडून तरी दोरी घेतली, कोणाकडून लांब काठी, आणि मोबाइलमध्ये काहीतरी लिहीत गेले. शेवटी सरळ उभे राहिले तेव्हा चष्म्यावरही थेंब होते. आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मला मुद्दाम बसवून ठेवलं होतं ना?"

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. एकोडीवालीने नाही पाहिलं.

"बसवलं मुद्दाम," ती म्हणाली. "पन आलूबोंडे मुद्दाम नव्हते जी. ते कोनालेही दिले असते."

साहेब हसायला लागले. आधी थोडं, मग पाण्यात उभ्या उभ्या चांगलंच. आम्हीही हसलो. बूट आमच्या ह्यांनी स्कूटरच्या पाण्यानेच धुऊन दिला, पण तो काही त्या रात्री घालण्यासारखा नव्हता. साहेब आमच्याकडची जुनी चप्पल घालून मोटरसायकलवर गेले.

काम लगेच झालं असं नाही. मंजुरी, ठेकेदार, मग पाऊस. पण साहेब अधूनमधून येत राहिले. कधी मोजमाप घ्यायला, कधी मोजायचं काही नसलं तरी. पावसानंतर कोपरा फोडला, मोठ्या नालीखालून रुंद पाइप घातला आणि आमच्या नालीचा तळ नव्याने उतरता केला.

ते पूर्ण झालं त्या संध्याकाळी नळ आले तेव्हा सारी गल्ली कोपऱ्यावर उभी होती. काका होते, साहेब हात मागे बांधून उभे होते. घाण पाणी वाहून जाताना बघायला एवढी माणसं आजवर कुठं जमली असतील असं वाटत नाही. एकोडीवालीने आपल्या दारातून बादलीभर पाणी नालीत ओतलं आणि त्याच्या बरोबरीने, काठाकाठाने, आमच्यापर्यंत चालत आली. पाणी कोपऱ्यावर आलं, पाइपात शिरलं आणि दिसेनासं झालं. ती थोडा वेळ वाकून बघत राहिली.

"गेलं बापा," ती म्हणाली, आणि चुलीवर भात आहे म्हणून घाईने घरी निघून गेली.