नको म्हणणारा पाहुणा

आमच्या घरात नको म्हणजे नको असं कधी नव्हतंच. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरायचा, वाढणारीनं तो सारून वाढायचं, मग पाहुण्यानं कुरकुरत सगळं संपवायचं. आमची ही त्यात लय वस्ताद. बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. मागल्या वर्षी ती गेली. सून गुणाची आहे, पण एकदाच विचारते. मी सवयीनं नको म्हणतो, ती बिचारी पातेलं घेऊन आत जाते. लोक म्हणतात म्हातारा दुःखानं खंगला. दुःख हाय, न्हाई कोण म्हणतंय. पण निम्मं खंगणं उपासमारीचं.

माझी नात विश्रामबागला हॉटेलच्या कॉलेजात शिकते. आम्ही तासगावकडचे. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, जेवायला वाढायचं शिकायला कॉलेज लागतं हे मला पटायलाच वेळ लागला. वर्गात पोरगी पहिली. मग ट्रेनिंगला खंडाळ्याजवळ हायवेवरच्या हॉटेलात पाठवली आणि तिथं आज्जीचं रक्त उसळलं. एका साहेबानं प्लेटवर हात धरला, पोरीनं तो बाजूला करून भात घातला. वर म्हणाली, एवढ्यानं काय होतंय. साहेबाला शुगर. तक्रार झाली, ट्रेनिंगचे मार्क बुडाले. आता कॉलेजातल्या प्रात्यक्षिक परीक्षेत चांगले मार्क पडले तरच पास, नाहीतर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. आणि तिच्या बापानं बजावलेलं, पुन्हा-बिन्हा काय न्हाई, सरळ स्थळं बघायची.

परीक्षेला प्रत्येकानं घरचं एक माणूस जेवायला आणायचं होतं. तिनं मला नेलं. एसटीत दम दिला, "आबा, तुमी फकस्त जेवायचं. कुणाला काय शिकवायचं न्हाई."

टेबलावर चमचे, काटे, सुऱ्या अशा मांडलेल्या की वाटलं आता माझं ऑपरेशनच करतात. परीक्षक बाई मागं उभ्या. नात काळ्या कोटात आली, वाकून म्हणाली, सर, सूप घेणार का? जिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली ती मला सर म्हणाली. मी बावचळलो आणि तोंडातून आपोआप नको निघालं. ती ठीक आहे सर म्हणून निघून गेली. मी वाट बघत बसलो. दुसऱ्यांदा विचारायला कोण येतंय. मग कटलेट आले. पुन्हा नको, पुन्हा गेले. शेजारच्या टेबलावर कुणाची तरी आत्या कटलेट चापत होती, त्याचा वास माझ्या नाकात. मी नातीला डोळ्यांनी खुणावलं, आग्रह कर की. पण खंडाळ्याला पोळलेली पोरगी, ती मान खाली घालून उभी.

शेवटी परीक्षक बाई पुढं आल्या. म्हणाल्या, "यांनी काहीच घेतलं नाही. मी वाढण्याचे मार्क देऊ कशावर?"

नातीचं तोंड एवढंसं झालं. तिला आग्रह करायची बंदी, आणि मी जन्मात स्वतःच्या तोंडानं जेवण मागितलेलं नाही. सासुरवाडीला उपाशी झोपलोय, पण मागितलं नाही.

ती पुलाव घेऊन आली. आवाज रडवेला. माझा हात प्लेटवर निघालाच होता. तो मी दुसऱ्या हातानं पकडला आणि मांडीवर दाबून धरला.

"वाढ," मी म्हणालो.

तिनं आधी बाईंकडं बघितलं.

"वाढ म्हनलं न्हवं. भूक लागलीया मला."

चमचा नि काटा एका हातात चिमट्यासारखे धरून तिनं असा पुलाव वाढला की शीत सांडलं नाही. बाई लिहायला लागल्या. मी आणखी मागितला. मग रस्सा मागितला. मघाचे कटलेटही मागितले. एकदा लाज सोडल्यावर कशाला थांबायचं? खीर तिसऱ्यांदा मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, आजोबा, पुरे, मार्क मिळालेत तिला.

"तिचं झालं वो बाई," मी म्हणालो, "माझं हुयाचं हाय अजून."

निकाल तिथंच सांगितला. पास. परतीच्या एसटीत तिनं बापाला फोन लावला आणि स्थळं राहू द्या म्हणून ऐटीत सांगितलं. मी पोट धरून खिडकीला टेकलो होतो. घरी गेल्या गेल्या आमच्या हिला सांगू, पोरगी पास झाली, असं मनात आलं. तासगाव येईपर्यंत ते तसंच मनात राहू दिलं.