शेजारची मोटार

त्या वर्षी मी इतकी थकलेली असायचे की कुणी गोड बोललं तरी माझं डोकं उठायचं. "मॅडम, तब्येतीला जपा," असं कुणी म्हटलं की वाटायचं, कधी जपू तेही सांगा. सहानुभूतीनं माणसाचं काम हलकं होत नाही. उलट हसून "हो ना" म्हणण्याचं एक काम वाढतं. मी मुळातच तिरसट, नाकावर माशी बसू न देणारी. थकव्यानं त्या स्वभावाला धार आली होती, एवढंच.

माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. वाळूजच्या एका कारखान्यात वीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस सिडकोतल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या कॉटवर आडवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा चालायचा. काही हवं असलं की ते त्या हातानं कॉटची पट्टी वाजवायचे. भांडं हवं असो, पाणी हवं असो, कूस बदलायची असो, सगळ्याला एकच भाषा, ठक ठक ठक. मग मी एकेक विचारायचं आणि त्यांनी मान हलवायची.

माझी शाळा खुलताबादच्या पुढं एका खेड्यात. रोजचं अप-डाउन. सकाळी साडेसातला एक मावशी यायच्या, यांच्याजवळ बसायच्या, आणि मी बसला पळायचे. बसच्या कंडक्टरला घरचं सगळं ठाऊक झालं होतं. मला उशीर झाला तर तो स्टॉपवर दोन मिनिटं बस रोखून धरायचा, आणि पुढच्या सीटवर आपली पिशवी ठेवून माझी जागा राखायचा. मी त्याच्याशी एकदाही धड दोन शब्द बोलले नाही. जागेवर बसलं की खिडकीला डोकं टेकवायचं आणि घाट येईपर्यंत झोपायचं.

मला फक्त एकच गोष्ट हवी होती. यांना घरी ठेवायचं होतं. माझे धाकटे दीर गावाकडं शेती बघतात. दुखणं झाल्यावर महिन्याभरातच ते आले होते आणि म्हणाले होते, "वैनी, दादाला गावाकडं नेतो. तुम्ही एकट्या, नोकरी, कसं निभवायचं?" त्यांचं काही चुकत नव्हतं. जीव लावणारी माणसं आहेत ती. पण हे ऐकताच यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि दीर चहा पिऊन निघेपर्यंत सोडलं नाही. तेव्हाच मी ठरवलं, मोडेन पण यांना इथून हलवणार नाही. "होतंय माझं सगळं," असं मी दिरांना सांगितलं आणि नंतर गल्लीतही तेच सांगत सुटले.

शेजारणीनं पहिल्या महिन्यात दोनदा भाजी पाठवली. आमच्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून मी डबा घासून, त्यात साखर घालून, त्याच दिवशी परत केला आणि वर म्हटलं, "उगीच तसदी घेऊ नका, माझा स्वयंपाक झालेला असतो." झालेला नसायचा. पण आज भाजी घेतली की उद्या कीव घ्यावी लागते, असं माझं गणित होतं. तिसऱ्यांदा भाजी आली नाही.

आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये छातीएवढी भिंत. त्यांची मंडळी मूळची धनगर, सासरा अजून डोंगराकडं मेंढरं राखायचा. नवरा वाळूजला दुसऱ्या पाळीला जायचा, म्हणजे दुपारपर्यंत घरी. अंगणात त्यांनी नळाला मोटार लावलेली होती.

ही मोटार काय चीज आहे ते सांगायला हवं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कधी पाचव्या दिवशी येतं, कधी सातव्या. लाइनमन व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हा तास-दीड तास मिळतं, त्यात हौद भरला तर भरला. इथं लग्नाची बोलणी आणि पाहुण्यांचं येणं-जाणंसुद्धा पाण्याचा दिवस टाळून ठरतं. ज्यांना दम नाही ते नळाला मोटार जोडून पाणी ओढून घेतात, आणि पुढच्या घरांच्या नळातून नुसतीच हवा फुसफुसते. मोटार लावणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत आणि कुणाच्या घरात आहे हेही सगळ्यांना माहीत.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात पाणी किती लागतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. रोज दोन चादरी, तीन-चार कपडे, अंग पुसायचं, फरशी पुसायची. पण पाण्याच्या बाबतीत आमचं नशीब थोर होतं. पाण्याच्या दिवशी मी नळाला पाइप जोडून, त्याचं दुसरं टोक हौदात सोडून, तोटी उघडी ठेवून शाळेला जायचे. संध्याकाळी येऊन झाकण उचलावं तर हौद भरलेला. शाळेत दुसऱ्या बाई पाण्यावरून रडगाणं गायच्या तेव्हा मी सांगायचे, "आमच्या लाइनला प्रेशर फार चांगलंय." देवानं एक गोष्ट तरी सोपी ठेवलीय, असं वाटायचं.

मग एका रविवारी मी घरात असताना पाणी आलं. पाहते तर नळाला दोऱ्याएवढी धार, तीही अडखळत. आणि भिंतीपलीकडं मोटारीची घरघर. माझा पारा चढला. भिंतीशी जाऊन मी ओरडले, "अहो, आमच्या घरात आजारी माणूस आहे. आमच्या वाटणीचं पाणी ओढता, लाज नाही वाटत?" शेजारी हौदाशी उभा होता. तो म्हणाला, "बंद करतो मॅडम." मोटार बंद झाली. मी आत जाऊन यांना पुसून काढलं आणि त्यांच्या कॉटशेजारी जमिनीवर जरा टेकले, ती तासभर गाढ झोपले. उठून बघते तर हौद अर्ध्याच्या वर भरलेला.

आता याचा अर्थ कुणीही काय लावेल? मोटार बंद केली आणि आमचं पाणी आलं. पुरावाच मिळाला. त्याच संध्याकाळी यांच्या कॉटजवळ खुर्ची ओढून मी पाणीखात्याला अर्ज लिहायला बसले. शेजाऱ्याचा घर क्रमांक, मोटार कुठं बसवलीय, सगळं वळणदार अक्षरात. लिहिताना मोठ्यानं वाचत होते. तोच यांनी पट्टी वाजवायला सुरुवात केली. पाणी हवं? नाही. भांडं? नाही. कूस? नाही. तरी ठक ठक ठक, आणि हात खिडकीकडं. वारा लागत असेल म्हणून मी उठून खिडकी लावली. तर आणखी जोरात वाजवायला लागले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी खेकसले, "दोन मिनिटं दम धरा की! सगळं मीच करायचं आणि वर हेही ऐकायचं?" मग ते थांबले. अर्ज पुरा केला, खाली सही केली, आणि सोमवारी शाळेतून अर्धी रजा टाकून तो देऊन आले.

पुढच्या शनिवारी पाण्याच्या वेळेलाच पथक आलं आणि चालू मोटार पकडून घेऊन गेलं. दुपारी मी घरी आले तेव्हा मावशींनी तेवढंच सांगितलं आणि भांड्यांना लागल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हौदात वीतभरच पाणी होतं, पण म्हटलं, आज गडबडीत झालं असेल, पुढच्या पाण्याला बघा कशी धार लागते.

पुढचं पाणी शुक्रवारी आलं. संध्याकाळी झाकण उचललं तर हौदाचा तळ दिसत होता, जेमतेम ओला. पाइप जिथल्या तिथं, तोटी उघडी. आतल्या खोलीत चार दिवसांच्या चादरी पडलेल्या, घरभर वास. ड्रममधलं शेवटचं पाणी यांना प्यायला आणि पुसायला ठेवलं. शनिवारी मी शाळेत कशी उभी राहिले ते मला आठवत नाही. घरी येऊन त्या वासात बसले आणि दिरांना फोन लावला. "भाऊजी, उद्या या. घेऊन जा यांना. माझ्यानं होत नाही आता." हे बोलताना मला रडूसुद्धा आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

रविवारी सकाळी दीर जीप घेऊन आले. मी यांचे कपडे, औषधं पिशवीत भरली. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते, माझ्याकडं बघायला तयार नव्हते. दिरांनी विचारलं, "येवढं काय झालं वैनी एकदम?" मी म्हटलं, पाणी नाही. आठ महिने नीट येत होतं, आता बंद झालं. शेतकरी माणूस, त्यांना राहवेना. जीपमधला पाना काढून त्यांनी अंगणातला नळ खोलला. त्यामागच्या लोखंडी पाइपचा तुकडा हातात घेऊन आत बोट घालून बघितलं आणि मला दाखवला. आत गंजाचा नि मातीचा बोळा, सुई जाईल एवढीच वाट.

"वैनी, ह्यातून हौद भरत नसतो."

"अहो, आठ महिने भरतोय."

"भरला आसंल. पर ह्यातून नाय."

शेजारीण तेवढ्यात भिंतीपलीकडं भरलेली बादली घेऊन उभी राहिली होती. जीप बघून आली असावी. तिनं बादली भिंतीवर ठेवली. भिंतीवर त्या ठिकाणचा गिलावा झिजलेला होता आणि शेवाळाचा पट्टा आमच्या बाजूनं खाली उतरून हौदाच्या तोंडापर्यंत आलेला होता. मी रोज त्या अंगणातून जायचे-यायचे आणि तो पट्टा कधी बघितलाच नव्हता.

दिरांनी तिला सरळच विचारलं, "ताई, तुम्ही भरत होता का?"

"आमचे मालक भरायचे. आमचा हौद झाला की पाइप हिकडं टाकायचे. मॅडम साळंत जायच्या. त्या रविवारी त्या आत गेल्यावर परत मोटार लावून टाकला." मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "सांगितलं आसतं तर तुम्ही घेतलं नसतं."

खरं होतं. घेतलं नसतं. साखर घालून परत केलं असतं.

मला कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही. आधी राग आला, मावशींचा, कंडक्टरचा, सगळ्या जगाचा, ज्यांनी मला न विचारता मला सांभाळलं होतं. मग तो उतरला. मी हौदाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "अर्ज मी केला होता. मोटारीचा."

"माहितीय," शेजारीण म्हणाली. "पथकवाल्यानं दाखवला ना कागद. तुमचं अक्षर लई चांगलं हाय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

"मग त्यांना सांगायचं ना, की हौद माझाच भरत होता!"

"काय सांगायचं? तुमच्या नावाचा अर्ज, आन तुमच्याच हौदात पाइप. त्यो माणूस हसला आसता तुम्हाला."

आतून आवाज आला. ठक ठक ठक. आम्ही तिघंही खिडकीकडं वळलो. यांनी तोंड फिरवलं होतं आणि ते आमच्याकडं बघत होते. त्या खिडकीतून भिंत दिसते, हौद दिसतो. आठ महिने, दर पाण्याला, त्यांनी तो पाइप भिंतीवरून येताना बघितला होता. आणि मी अर्ज वाचत होते तेव्हा हात खिडकीकडं करून तेच सांगत होते, आणि मी खिडकी लावून घेतली होती.

मी आत गेले. त्यांचा हात पट्टीवरून उचलून धरला आणि म्हटलं, "कळलं. आत्ता कळलं." त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

दीर दारात उभे होते. "मग वैनी? काय करायचं? पिशवी ठिवू का गाडीत?" त्यांच्या आवाजात घाई नव्हती. मी म्हणाले असते तर त्यांनी नेलं असतं, नाही म्हणाले तर एकटे परत गेले असते. मला उत्तर माहीत होतं, पण ते देण्यासाठी आधी शेजारी काहीतरी मागायला हवं होतं. पन्नाशीच्या आत-बाहेरची बाई मी, कुणाकडं कधी चमचाभर विरजणही मागितलं नव्हतं. मोटार गेल्यापासून त्यांच्याच घरात पाणी किती होतं, हेही मला माहीत नव्हतं.

मी अंगणात आले. शेजारीण अजून तिथंच होती, बादलीवर हात ठेवून. मी ती बादली उचलून आमच्या बाजूला घेतली.

"एवढ्यानं होणार नाही," मी म्हटलं. "अजून दोन लागतील. चादरी धुवायच्यात."

"आणते," ती म्हणाली आणि आत गेली.